टॉवेलाची गाठ

काही लक्षात ठेवायचं असलं की तात्या खांद्यावरच्या टॉवेलाला गाठ मारायचे. ‘‘बसली गाठ. आता इसरत न्हाई,’’ म्हणायचे आणि खरंच विसरायचे नाहीत. असा माणूस तुमच्याही गावात असेल. पण आमच्या तात्यांचा टॉवेल संध्याकाळपर्यंत गाठींनीच आखूड झालेला असायचा.

सांगलीकडच्या आमच्या पाणीपुरवठा संस्थेचे ते पाटकरी. कुणाच्या उसाला कधी पाणी सोडायचं, कुठला व्हॉल्व्ह कुठल्या बांधाखाली आहे, सगळं त्यांच्या डोक्यात. नव्वदच्या दशकात संस्थेत कॉम्प्युटर आला आणि त्याच्या मागोमाग साताऱ्याहून कोर्स करून मी. तात्यांनी सांगायचं, मी टाइप करायचं. यंत्रासमोर बसताना ते चपला बाहेर काढायचे आणि उगाच हळू बोलायचे.

एकदा खोलीत कुणी नाही असं बघून म्हणाले, ‘‘गड्या, अलीकडं गाठ दिसती, पर कशाची ते ध्येनात येत न्हाई. कुणाला बोलू नगंस. काम काढून घेतलं तर मी काय करू रं?’’

‘‘नाही बोलणार, तात्या.’’

मग रोज सकाळी त्या दिवसाच्या पाण्याच्या पाळ्यांची यादी मी मोठ्या अक्षरांत छापून द्यायचो. ते ती घडी करून टोपीत ठेवायचे. वर्षभर एकाही शेताची पाळी चुकली नाही. गाव म्हणायचं, म्हाताऱ्याचं डोकं लय तल्लख. आम्ही दोघं गालातल्या गालात हसायचो.

पण माझ्या जिभेला हाड नव्हतं. एके दिवशी संस्थेचे चेअरमन कॉम्प्युटरकडे बोट दाखवून म्हणाले, ‘‘ह्या डब्याचा उपेग काय रं?’’ मला झोंबलं. फुशारकीत बोलून गेलो, ‘‘तात्यांना आता काही आठवत नाही. सगळं ह्याच्यावरच चाललंय.’’

आठवड्याभरात चेअरमननी त्यांना बोलावलं आणि माझ्यासमोरच सांगितलं, ‘‘आवं तात्या, आता घरी बसा. तुमाला आठवत न्हाई, ह्या पोरानंच सांगितलं.’’

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. टॉवेलाचं टोक ओढून एक गाठ मारली, दातांनी आवळली. ‘‘बसली गाठ,’’ एवढंच म्हणाले आणि व्हॉल्व्हची चावी टेबलावर ठेवून गेले. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या वेळेला आले. चपला बाहेर काढल्या. ‘‘दे रं यादी.’’

तात्या ती एकच गाठ बोटांनी चाचपत होते.

‘‘लय घट्ट मारलीया. कशाची व्हती गड्या, तुला म्हाईत हाय का?’’

‘‘नाही, तात्या,’’ मी म्हणालो.