कोल्ड स्टोरेजमधली कर्लिंगची पट्टी

“काका, दगड भिंतीकडं पळतोय,” प्रज्ञा म्हणाली.

मी बघतच होतो. वीस किलोचा घोटीव ग्रॅनाइटचा दगड, वर केटलीसारखं हँडल. तिनं तो सरळ सोडला होता. दहा-बारा फूट नीट गेला, मग एका उंचवट्यावर हलला आणि डावीकडच्या भिंतीवर जाऊन आदळला. अख्खी रूम दणाणली. मागं आप्पा उभे होते. कोल्ड स्टोरेज त्यांचं, भिंत त्यांची. ते पुढं होऊन भिंत हातानं चाचपून बघायला लागले.

मी रेफ्रिजरेशन मेकॅनिक. दौंडला राहतो. अडतीस वर्षं बर्फाचे कारखाने, डेअऱ्या आणि कोल्ड स्टोरेज सांभाळली. रिटायर झाल्यावरही यवतजवळच्या आप्पांच्या स्टोरेजचा मेंटेनन्स माझ्याकडंच राहिला. तिथं मटार ठेवायची एक फ्रोझन रूम आहे. नवा मटार यायला तीन आठवडे होते आणि रूम रिकामी होती.

प्रज्ञा गायकवाड शिरूरच्या एका शाळेत पीटीची शिक्षिका. शाळेचा वॉटर कूलर दुरुस्त करायला गेलो, तेव्हा तिची गाठ पडली. हॉलमध्ये ती आणि आणखी तीन बायका फरशीवर खाली चाकं लावलेले दगड ढकलत होत्या. मी विचारलं, “हा कुठला खेळ?”

“कर्लिंग. खरा बर्फावर खेळतात. लांब पट्टीच्या टोकाला गोल असतात, त्याला हाऊस म्हणायचं. ज्याचा दगड मधल्या ठिपक्याजवळ, त्याला पॉइंट.”

ती पूर्वी कबड्डीत रेडर होती. गुडघा गेला, कबड्डी सुटली. शिक्षकांच्या एका ट्रेनिंगमध्ये तिनं हा खेळ पाहिला आणि स्वतःची टीम उभी केली. एक एसटीत कंडक्टर, एक दौंडच्या दवाखान्यात नर्स, एक रांजणगावच्या कंपनीत पॅकिंगला. काश्मीरमधल्या नॅशनलला दोनदा गेल्या होत्या. एकदा ब्रॉन्झ, एकदा चौथा नंबर. बर्फ त्यांना तिथं पोचल्यावरच बघायला मिळायचा.

“चाकाचा दगड ढकलला तेवढाच जातो. बर्फावरचा कुठं थांबेल याचा अंदाजच येत न्हाई,” ती म्हणाली. मग माझ्या टूलबॉक्सकडं बघून म्हणाली, “काका, तुम्ही बर्फ करता ना?”

आता असं विचारल्यावर माणूस नाही कसं म्हणणार?

आप्पांना तयार करायला एक सकाळ गेली. ते सत्तरीचे, गावातलं मोठं बागायती घर. म्हणाले, “मिस्त्री, माझ्या मटाराच्या खोलीत ह्या पोरी दगूड घसरवणार?”

“तीन आठवडे, आप्पा. मटार यायच्या आत रूम कोरडी करून देतो.”

“जमीन फुटली तर?”

“फुटणार नाही. जबाबदारी माझी.”

त्यांनी प्रज्ञाकडं पाहिलं. “तू कुणाची गं?”

तिनं वडिलांचं नाव सांगितलं. ते यवतच्या स्टँडवर कंट्रोलर होते. आप्पा हसले. “गायकवाड साहेबांची व्हय! त्यांनी माझ्यासाठी एकदा गाडी थांबवली होती. कर काय करायचं ते.”

अशी आमची पट्टी सुरू झाली. खरी पट्टी दीडशे फुटांची. आमची रूम नव्वद फुटांची. प्रज्ञा म्हणाली, तेवढी पुरे. दगड पहिल्या पंचवीस-तीस फुटांना किती वेळ घेतो, त्यावरून तो कुठं थांबणार ते काढता येतं. स्टॉपवॉच लावायचं आणि हात बसवायचा. बर्फावरचे खरे दगड तिनं नॅशनलवाल्यांकडून उसने आणले होते.

मी फरशीवर प्लॅस्टिक अंथरलं, कडेनं लाकडी पट्ट्या ठोकल्या, पाइपनं पाणी सोडलं आणि मशीन चालू केलं. त्याचा निकाल वर सांगितलाच आहे. दगड भिंतीवर.

चूक शोधायला वेळ लागला नाही. छताजवळ ब्लोअर असतो, म्हणजे थंड हवा फेकणारे पंखे. त्या वाऱ्यानं पाण्यावर लाटा उठल्या आणि लाटा तशाच गोठल्या. शिवाय बोअरचं पाणी क्षाराचं. बर्फ दुधासारखा पांढरा आणि ठिसूळ झाला होता.

सगळा फोडून बाहेर काढला. या वेळी गावातल्या फिल्टर प्लांटवरून पाण्याचे जार मागवले. पाणी गरम केलं आणि रूम आधी थंड करून, ब्लोअर बंद ठेवून, पातळ थर ओतत गेलो. एक थर गोठला की दुसरा.

आप्पा दारातून बघत होते. “मिस्त्री, बर्फ करायचाय का चहा?”

“गरम पाण्यात हवा कमी असते, आप्पा. बुडबुडे धरत नाहीत. आणि खालच्या थराला थोडं वितळवून पाणी त्याला चिकटतं.”

“अडतीस वर्सं झाली म्हणता, आन् बर्फाला गरम पानी,” ते पुटपुटत गेले.

मधल्या एका थरावर पोरींनी हाऊसची वर्तुळं रंगवली. सहाव्या दिवशी बर्फ तयार झाला. काय बर्फ होता! ट्यूबलाइटचं प्रतिबिंब सरळ रेषेत दिसत होतं. एवढा गुळगुळीत बर्फ मी आयुष्यात केला नव्हता. मी प्रज्ञाला फोन केला. आवाजात माज होता, खोटं कशाला बोलू?

ती टीम घेऊन आली. दगड सोडला. दगड तीस फुटांवर जाऊन थांबला.

तिनं आणखी जोर लावला. चाळीस फूट.

“काका,” ती जरा कचरत म्हणाली, “हा जास्तच गुळगुळीत झालाय. वर पेबल लागतं.”

“काय लागतं?”

“बारीक थेंब. बर्फावर पाणी शिंपडायचं, ते पुळ्यांसारखं गोठतं. दगड त्या पुळ्यांवरून पळतो. सपाट बर्फाला तो चिकटतो.”

“हे सहा दिवस आधी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही एवढ्या खुशीत होता,” ती म्हणाली. नर्सबाई तोंड फिरवून हसायला लागल्या.

मी शेतातला पाठीवरचा फवारणीचा पंप आणला. त्याच्या नोझलमधून धुकं पडलं. बर्फावर नुसतं दहिवर जमलं, दगड आणखी हळू झाला. नोझल काढून टोपणाला बारीक भोकं पाडली. आता थेंब पडले, पण एकीकडं दाट, एकीकडं विरळ. दगड मध्येच हिसके खायला लागला. दोन दिवस मी पंप पाठीवर घेऊन फिरलो. अंगात दोन स्वेटर, खाली निसरडं. जमेना.

तिसऱ्या दिवशी आप्पा आत आले. डोक्याला मफलर. थोडा वेळ माझं चाललेलं बघितलं आणि म्हणाले, “सोडा तो पंप. तुम्ही पाय उचलता तवा हात थांबतोय.”

त्यांनी पंप पाठीला लावला. “मी डाळिंब फवारत आलोय मिस्त्री, तुम्ही फ्रीज उघडत आलाय.” आणि ते उलटे, मागं मागं चालत निघाले. हात दोन्हीकडं एकाच लयीत फिरत होता, घड्याळाच्या लंबकासारखा. नव्वद फूट. एकदाही थांबले नाहीत. बर्फावर कडेपासून कडेपर्यंत सारखे थेंब बसले.

प्रज्ञानं दगड सोडला. सोडताना हँडलला जरासा पीळ दिला. दगड गुरगुरत निघाला. पेबलवरून जाताना त्याचा खरंच तसा आवाज येतो. पुढं पॅकिंगवाली आणि कंडक्टर झाडू घेऊन बर्फ घासत धावत होत्या. घासलं की बर्फ किंचित तापतो आणि दगड लांब जातो. दगड शेवटी अलगद वळला आणि हाऊसच्या मधोमध जाऊन थांबला.

चौघी ओरडल्या. मीही ओरडलो. आप्पा पंपासकट उभे होते. “झाडून मेडल मिळतं व्हय? मग आमच्या घरात सगळ्याच चॅम्पियन हायेत!”

त्या दिवसापासून फवारणी आप्पांचीच. टीम यायच्या आधी ते मफलर बांधून तयार असायचे. कुणी उशिरा आलं तर रागवायचे.

त्या वर्षी काश्मीरला पोरी नॅशनलच्या फायनलला पोचल्या. ती आम्ही आप्पांच्या ऑफिसात मोबाइलवर पाहिली. शेवटच्या डावापर्यंत बरोबरी. समोरच्या टीमचा दगड ठिपक्यापासून हातभर लांब, त्याच्यापुढं आणखी एक आडवा. शेवटचा दगड प्रज्ञाचा. तिला आडव्या दगडाला वळसा घालून आत यायचं होतं. हळू गेला तर बाहेर, जोरात गेला तर पार.

तिनं दगड सोडला. दोघी झाडूवाल्या नुसत्या बरोबर धावत होत्या, झाडू वर.

“घासा की गं!” आप्पा मोबाइलवर ओरडले.

दगड वळायला लागल्यावर प्रज्ञा ओरडली, “आता!” दोघींनी झाडू टेकवले आणि जीव तोडून घासलं. दगड आडव्याच्या कडेनं गेला, वळला आणि ठिपक्यावर येऊन बसला.

आप्पांनी मला मिठी मारली. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याशी कधी हस्तांदोलनही केलं नव्हतं. मग डोळे पुसत म्हणाले, “थंडीनं पानी येतं.” ऑफिसात पंखा चालू होता.

प्रज्ञा त्यानंतर आणखी दोनदा नॅशनल चॅम्पियन झाली. आता ती देशाच्या कॅम्पला जाते आणि शाळेतल्या मुलींची नवी टीम बांधते. पुढच्या वर्षी मटार कधी भरायचा, हे आप्पा व्यापाऱ्याला सांगायच्या आधी तिला विचारतात.

माझ्या धंद्यातल्या नव्या पोरांना मी एवढंच सांगतो. आपल्याला जे उत्तम वाटतंय, तेच गिऱ्हाइकाला हवंय का, हे काम सुरू करायच्या आधी विचारा. माझे सहा दिवस वाचले असते.