चारशे रुपयांची केबल

नव्या केबलची पिशवी फाडली, की त्या रबरी वासासरशी मला गोंदियाच्या बाजारातलं मोबाइलचं दुकान आठवतं. आई जाऊन महिना झाला होता. गंमत म्हणून मी कधीतरी टिपलेला तिचा आवाज तिच्या फोनमध्ये होता. पण फोनचा स्पीकर बंद पडलेला. तो आवाज कॉम्प्युटरवर घ्यायला केबल हवी होती, म्हणून बाबांना घेऊन मी त्या दुकानात गेले. "चार सौ लगेंगे काका, ओरिजिनल है," दुकानदार म्हणाला. मी हादरले. आमचे बाबा मुर्री गावच्या भाजीवालीशीही दोन रुपयांसाठी हुज्जत घालायचे. मी म्हटलं, "बाबा, दुसरीकडे पाहू." "आता कायले फिरायचं?" म्हणत त्यांनी पूर्ण पैसे काढले. घरी कॉम्प्युटरला केबल लावली आणि खरखरत आई बोलली, "काऊन उशीर करून राहिले जी? भात थंडा होऊन राहिला ना!" बाबा खुर्चीतून अर्धवट उठले. "आलो," म्हणाले, आणि कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. आता बाबाही नाहीत. आईचं ते वाक्य मी अजून जपून ठेवलंय. बाबांचं "आलो" मात्र टिपून ठेवायचं त्या दिवशी मला सुचलं नाही.