वीस किलो हास्काप

मित्सुए ओगावाराला लेट्यूसचा वीट आला होता, आणि गावात सगळ्यांत चांगलं लेट्यूस तीच पिकवत होती.

जुलैचा पहिला आठवडा म्हणजे उत्तर जपानमधल्या होक्काइदोच्या त्या पट्ट्यात सगळं एकदम येण्याचे दिवस. एप्रिल अर्धा सरेपर्यंत बर्फ, मे महिन्यात समुद्रावरून चढणारं धुकं, आणि मग उरलेल्या चार महिन्यांत जमिनीला वर्षाचं सगळं उरकायचं असतं. लेट्यूस तिथे येत नाही, कोसळतं. मित्सुए ते हमरस्त्यावरच्या विक्री केंद्रात नेऊन विकायची. बाकीचं गाव ते वाटायचं. नोकरीतून मोकळा झालेला प्रत्येक माणूस घरामागे चार वाफे करायचा, दोन माणसांच्या घरात एकाच दिवशी तीस गड्डे तयार व्हायचे, मग तो एक वाडगा काढायचा आणि शेजारी निघायचा. निघून जायचा कुठे? तर भाजीवालीच्या दारात.

"थोडंच आहे हं, गोड मानून घ्या," असं म्हणत माणूस वाडगा पुढे करायचा. घ्यावाच लागायचा. आणि आलेलं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही, ही तिथली रीत. काहीच नसलं तर एखादी काडेपेटी, तीही नसली तर कोऱ्या कागदाची घडी, पण आत काहीतरी हवं.

ही रीत मित्सुएने अडतीस वर्षं पाळली होती. ती मूळची डोंगरातल्या कोळशाच्या खाणगावची. खाण बंद पडली त्याच्या पुढच्या वर्षी, तेवीस वर्षांची असताना, ती लग्न होऊन इथे आली. शेतातलं तिला काही म्हणजे काही येत नव्हतं. सगळं शिकवलं सासूने, तोमेने. मार्चमध्ये बर्फावर काळी राख कशी फेकायची, म्हणजे बर्फ आठवडाभर आधी वितळतं. कोबी उपटून बर्फाखाली कसा निजवायचा, म्हणजे जानेवारीत गोड निघतो. आणि हास्काप कशी तोडायची. हास्काप म्हणजे छातीइतक्या उंचीची झुडपं, त्यांना बोटाच्या पेराएवढी लांबट निळी फळं, साल इतकी पातळ की रागाने बघितलं तरी फुटेल. तोमेने ही साठ झुडपं पाणथळीतून खांद्यावरून आणून लावली होती, कारण बंदराच्या कामासाठी ती पाणथळ बुजवत होते. तिथे प्रत्येक झुडपाची चव वेगळी. म्हातारी एकेका झुडपाचं एकेक फळ चावून बघायची, कडू निघालं की थुंकायची आणि पुढे जायची. तरी वीसेक कडू झुडपं आलीच. ती तिने कुंपणालगतच्या ओळीत लावली आणि म्हणाली, "ही पाखरांची."

आता ती साठही झुडपं जाणार होती. मित्सुएच्या नवऱ्याला, शिगेओला, तिथे ॲस्परॅगस लावायचं होतं. ॲस्परॅगस सहकारी संस्था डोळे झाकून घेते, आणि हास्कापला कायमचं गिऱ्हाईक नाही, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण गेल्या शरदात त्याच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरने वाकायचं नाही म्हणून बजावलेलं, आणि या माणसाला कोंबन्‌कोंब जमिनीलगत वाकून कापावा लागणारं पीक हवं होतं! मित्सुएने हात टेकले होते. शेवटी दोघांचं ठरलं: या उन्हाळ्यात हास्कापला बांधलेलं गिऱ्हाईक मिळालं तर झुडपं राहतील, नाही तर हिवाळ्याआधी उपटायची.

गिऱ्हाईक मिळालं होतं, निदान मिळण्याच्या बेतात होतं. साप्पोरोचा केकवाला मोगी, तोंडातून शब्द काढायचा तर जणू दात काढून द्यायचाय असा माणूस, म्हणाला होता, "गुरुवारी सकाळी आठला येतो. वीस किलो. ताजी. गोड ओळींतलीच. जमलं तर दरवर्षी घेईन."

सोमवारपासून मित्सुए गळ्यात डबा बांधून झुडपांत उभी होती. भरलेली एकेक किलोची खोकी ती दारात आणून ठेवायची आणि शिगेओ ती आत शीतखोलीत लावायचा. बुधवारी दुपारी जेवायला घरात येताना तिचा मनातला हिशोब सोळा खोक्यांचा होता. संध्याकाळपर्यंत आणखी चार, की झालं.

स्वयंपाकघराच्या टेबलावर सात वाडगे मांडलेले होते. पाच वाडग्यांत लेट्यूस, एकात मुळ्याचं लोणचं, एकात काकड्या. शिगेओ टेबलाशी बसून कागदाच्या घड्या घालत होता.

"आई," तो म्हणाला. मुलगी लग्न होऊन गेल्याला बारा वर्षं झाली, तरी दोघं एकमेकांना अजून आई आणि बाबा अशीच हाक मारत. "आई, दुसऱ्या खेपेला अर्धा अर्धा किलो पुरे होईल ना?"

"कसला अर्धा किलो?"

"हास्काप."

मित्सुएने हातातला डबा खाली ठेवला. "आणि पहिल्या खेपेला किती दिलंत?"

"एकेक खोकं. सात घरं आली ना. सोमवारपासून." तो सरळपणे सांगत होता. "घरात दुसरं काय होतं द्यायला? लेट्यूसच्या बदल्यात लेट्यूस कसं देणार? बरं दिसतं का ते?"

ती शीतखोलीत गेली. खोकी मोजली. नऊ. पुन्हा मोजली, जणू पुन्हा मोजल्याने पिल्लं घालणार होती. नऊच.

"बाबा!"

"हो, पण आता ते लोक ओशाळले," शिगेओ तिच्या मागे येत म्हणाला. "एका गड्ड्याच्या बदल्यात किलोभर हास्काप म्हणजे फार झालं ना. म्हणून आज सगळे पुन्हा घेऊन आले. आता त्याचं परत द्यायला नको?"

"तुम्हाला ठाऊक नव्हतं उद्या मोगी-सान येणार?"

"ठाऊक होतं. पण दारात माणूस उभा असतो गं. मोगी-सान उद्या यायचे, हा माणूस आत्ता उभा असतो."

अडतीस वर्षं या माणसाला कुणाला नाही म्हणता आलं नव्हतं. विमावाला, विहिरीवाला, देवळाची वर्गणी. प्रत्येक वेळी शिगेओने मान डोलवायची आणि निस्तरायचं मित्सुएने. तिच्या डोक्यात काहीतरी सटकलं. टेबलाजवळ येऊन तिने सातही वाडगे सिंकमध्ये उलटे केले, धुतले, पुसले, एकात एक घातले आणि सायकलच्या टोपलीत ठेवले.

"आई, त्यात काहीतरी ठेव," शिगेओ दारातून म्हणाला. त्याचा आवाज खरोखर घाबरलेला होता. "कागद तरी ठेव. काडेपेटी आहे बघ त्या खणात."

"जेवून घ्या," मित्सुए म्हणाली आणि निघाली.

सात दारांत तिने सात रिकामे वाडगे ठेवले. कुठे थांबली नाही, बोलली नाही. एका ठिकाणी तर घरातली बाई "अगं, अगं" करत बाहेर येईपर्यंत ही वळणावर दिसेनाशी झाली होती. घरी येऊन ती तडक झुडपांत गेली आणि तोडायला लागली. रागाने ओढली की हास्काप फुटते, त्यामुळे तिला आणखी चीड आली.

पाऊण तासाने हात्सुमी-सान आली. ही पलीकडच्या घरची विधवा बाई, जगातली कुठलीही गोष्ट तिच्या काकडीच्या लोणच्यापर्यंत आणून सोडणारी. आज ती धापा टाकत होती.

"कधी गेले गं?" तिने मित्सुएचा हात धरला. "सकाळी तर दिसले होते खिडकीत!"

"कोण गेलं?"

"शिगेओ-सान! वाडगा रिकामा आला तेव्हाच मी ओळखलं. घरात कुणी गेल्याशिवाय बाईचं असं भान सुटत नाही."

तेवढ्यात मागच्या दारातून शिगेओ चहाची किटली घेऊन बाहेर आला. हात्सुमी-सानने त्याच्याकडे बघितलं. आनंद व्हायला हवा होता, तो झालाही असेल, पण आधी ती किंचित खट्टू झाली.

मग कासामात्सु-सान आले, पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांच्या शर्टाच्या खिशातून मयताला बांधायच्या काळ्या टायचं टोक डोकावत होतं. शिगेओ दिसताच त्यांनी ते बोटाने आत ढकललं. त्यांच्यामागून आणखी दोन बायका. सगळे कुंपणाशी उभे राहिले, हात पुढे जोडून, खाली बघत.

"आमचं काही चुकलं असेल तर," कासामात्सु-सान म्हणाले, "सांगावं. लेट्यूसला किडे होते का?"

आणि मग मित्सुए बोलली. एवढ्या वर्षांत गावात कुणी जे बोललं नव्हतं ते बोलली. "मला लेट्यूस नको! मी लेट्यूस विकते! माझ्या शेतात सहाशे गड्डे उभे आहेत! तुमचे गड्डे मी दर उन्हाळ्यात खाते, कोंबड्यांना घालते, आणि त्याच्या बदल्यात उद्याच्या गिऱ्हाइकाचा माल तुमच्या घरी जाऊन बसलाय!"

हात्सुमी-सानने कमरेवर हात ठेवले.

"मग आधी नाही का सांगायचंस?" हात्सुमी-सान म्हणाली. "मला तरी कुठे हवे असतात कासामात्सु-सानचे गड्डे?"

"असं?" कासामात्सु-सान ताठ झाले. "आणि आपल्या लोणच्याने माझं ब्लडप्रेशर वाढलं, ते मी कुणाला सांगितलंय?"

"माझ्या लोणच्याने?"

"भांडणं नंतर!" मित्सुए ओरडली. "मला उद्या सकाळी वीस किलो द्यायची आहेत. घरात नऊ आहेत. नाही दिली तर ही झुडपं जातात. कुणाकडे उरली असतील तर परत द्या, मला लाज राहिलेली नाही."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. हात्सुमी-सानने तिची मिठात मुरत घातली होती. कासामात्सु-सानच्या बायकोने जॅम केला होता. एकीने तर नातवंडांना पाठवून दिली होती.

"डबे दे," हात्सुमी-सान बाह्या सारत म्हणाली.

मदत ही अशी गोष्ट आहे की ती मिळाली की माणसाला रडू यायला हवं. मित्सुएला यायचं ते रडू निराळंच होतं. हात्सुमी-सान तोंडाने तोडत होती. दोन फळं डब्यात, एक तोंडात, आणि मधे जावयाची गोष्ट. कासामात्सु-सान पोस्टातल्या सवयीने फळं आकारानुसार लावत होते. "असं ओढू नका," मित्सुए या झुडपाकडून त्या झुडपाकडे धावत सांगत होती, "नुसतं बोट लावा, पिकलं असेल तर आपणच पडतं. कासामात्सु-सान, ती तिकिटं नाहीत, टाका आत! हात्सुमी-सान, दाबू नका हो!"

शिगेओही आला. हास्काप तोडणं बायकांचं काम म्हणून त्याने जन्मात कधी एक फळ तोडलं नव्हतं. त्याच्या गळ्यात कुणीतरी डबा अडकवला आणि तो मुकाट्याने एका झुडपाशी जाऊन उभा राहिला. मित्सुए त्याच्याकडे बघायला गेली नाही. बघितलं असतं तर बोलावं लागलं असतं.

साडेसातला उजेड संपला तेव्हा शीतखोलीत वीस खोकी होती. विसाव्यातली थोडी फुटलेली. मित्सुएने पायरीवर बसून गुडघे चोळले. लोक आपापसात लोणच्यावरून वाद घालत घरी गेले.

सकाळी आठला मोगीची गाडी लागली. त्याने नमस्कार केला, बाही वर घेतली, आणि प्रत्येक खोक्यातलं एकेक फळ चाखायला लागला. चाखायचा, पुढे सरकायचा. तोमेही अशीच चाखत गेली असणार. चौदाव्या खोक्याशी तो थांबला. दुसरं फळ घेतलं. तोंड वाकडं न करता ते गिळलं आणि खोकं हलकेच बाजूला ठेवलं.

"हे कुठलं?"

मित्सुएने शिगेओकडे बघितलं. शिगेओने कुंपणालगतच्या ओळीकडे बघितलं.

"ती," मित्सुए कळवळून म्हणाली, "पाखरांची ओळ आहे."

मोगीने मान हलवली. उरलेली सहाही चाखली, मग एकोणीस खोकी एकेक करून गाडीत चढवली. मित्सुए उभी होती. एकोणीस म्हणजे वीस नव्हे. ठरलं होतं वीस. गाडीचं दार लागलं, काच खाली झाली.

"पुढच्या वर्षी चाळीस," मोगी म्हणाला. "दोन खेपांत. पाखरांची नकोत."

गाडी गेली. चाळीस! मित्सुएला गुडघे आठवले, तिचं वय आठवलं, कासामात्सु-सान फळांची रांग लावताना आठवले. हवं ते मिळालं होतं, आणि आता ते दरवर्षी तोडावं लागणार होतं.

शिगेओ शेजारी येऊन उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "आई, म्हणजे मग ॲस्परॅगस...?"

मित्सुएने बाजूला ठेवलेलं खोकं उचललं आणि त्याच्या हातात दिलं. पूर्ण एक किलो.

"आधी हे संपवा," ती म्हणाली. "मग बोलू."

शिगेओ पायरीवर बसला आणि नाही म्हणता येत नसल्यामुळे खायला लागला.