पोर्तुगीजचा लातूर पॅटर्न

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आलं, त्या उन्हाळ्यात मी दर शनिवारी नांदेडहून लातूरला पोर्तुगीज शिकवायला जात होतो. मला पोर्तुगीज येत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. नांदेडच्या कॉलेजात जन्मभर इंग्रजी शिकवून मी निवृत्त झालो होतो, आणि माझ्या बहिणीच्या मते तेवढं पुरेसं होतं.

"गोऱ्यांचीच भाषा हाय न ती?" ती फोनवर म्हणाली. "तुला काय अवघड हाय?"

शिकायचं होतं तिच्या मुलीला. भाची लातूरच्या एका दवाखान्यात नर्स. नवरा गोव्याचा. त्याचे आईवडील पोर्तुगीज अमलात जन्मलेले, त्या आधारावर त्याने पोर्तुगालचा पासपोर्ट मिळवला आणि लिस्बनला वृद्धाश्रमात कामाला लागला. लग्नाला पाच वर्षं झाली होती. त्यांतलं जेमतेम सव्वा वर्ष दोघं एका घरात राहिली होती. हिचा व्हिसा दोनदा नाकारला गेला. शेवटी वकिलाने सांगितलं, बायको म्हणून थेट नागरिकत्वालाच अर्ज करा. मात्र त्या देशाशी आपला काही संबंध आहे हे दाखवावं लागेल, आणि त्यासाठी भाषेचं प्रमाणपत्र सगळ्यांत बरं. परीक्षा पणजीला. नापास झाली तर आणखी एक वर्ष फोनवरच संसार.

मी एक पाठ्यपुस्तक आणि एक शब्दकोश मागवला आणि शिष्येच्या एक धडा पुढे राहायचं ठरवलं.

जाताना पेढे वगैरे नेण्याचे ते दिवस नव्हते. मी वीस लिटरचा पाण्याचा कॅन न्यायचो. एस.टी.त लोक उठून त्याला जागा द्यायचे. मला उभं राहावं लागलं तरी कॅन कधी उभा राहिला नाही.

लातुरात तेव्हा एक नवी रीत पडली होती. कुणाच्याही घरी गेलं की चप्पल काढता काढताच म्हणायचं, "पाणी पिऊनच आलोय." यजमान मान डोलवायचा आणि आग्रह करायचा नाही. जेवणाच्या पंगतीत चौथ्या जिलबीसाठी हातघाईवर येणारी आमची माणसं पाण्याबाबत एकदम इंग्रजांसारखी मितभाषी झाली होती. मीसुद्धा सख्ख्या बहिणीच्या दारात, स्वतः आणलेला कॅन खाली ठेवत, पाणी पिऊनच आलोय म्हणायचो.

आमच्या पाठ्यपुस्तकातलं कुटुंब मात्र दर रविवारी समुद्रावर जायचं. सोमवारी त्यांच्याकडे पाऊस पडायचा आणि ते कुरकुर करायचे. भाची "आज पुन्हा पाऊस आहे, काय हा वैताग" असं पोर्तुगीजमध्ये म्हणत असताना बाहेर टँकरचा हॉर्न वाजायचा. ती वाक्य अर्धवट टाकून घागरी घेऊन पळायची आणि तासाभराने घामाघूम होऊन परत आली की उरलेला वैताग पूर्ण करायची.

अशी आमची प्रगती चालली असताना शेजारच्या गल्लीतल्या क्लासवाल्या सरांना बातमी लागली. ते रसायनशास्त्र शिकवत. लातुरात कुणीतरी परीक्षेची तयारी करतंय आणि आपल्याला पत्ता नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. मूळचे उदगीरचे. उदगीर जिल्हा आज जाहीर होतो की उद्या, अशी हवा होती, म्हणून त्यांनी लेटरहेडवर आधीच 'जिल्हा उदगीर' छापून घेतलं होतं.

"सर, तुम्ही समजावून सांगायलात," ते मला म्हणाले. चूक पकडल्यासारखा सूर होता. "समजून घ्यायला टाइम कुठंय? पन्नास प्रश्न काढा, पन्नास उत्तरं काढा, पाठ करून टाकू. सब्जेक्ट कोणता का असंना."

"सर, पण पन्नासच्या बाहेरचं विचारलं तर?" भाचीने विचारलं.

"विचारत नसतेत. परीक्षक बी माणूसच हाय. आळशी असतो."

मी पन्नास प्रश्न काढले. सर रोज संध्याकाळी येऊन तिच्यासमोर बसायचे, हातात स्टॉपवॉच. पोर्तुगीजचा एक शब्द कळत नव्हता, पण महिनाभरात नुसत्या आवाजावरून ते सांगू लागले, "चौतीस नंबरला अडखळलीस." आणि ती खरंच अडखळलेली असायची. या माणसाबद्दल मला वाटणारी तुच्छता तेव्हापासून थोडी कमी झाली.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्यांनी क्लासमध्ये तिचा सत्कार ठेवला. निकालाआधी कसला सत्कार, असं मी विचारलं. तर नंतर सगळेच करतात, म्हणाले. शाल, श्रीफळ आणि पोर्तुगीज अभ्यासक्रम यशस्वीरीत्या पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र. देणाऱ्याला भाषा येत नव्हती आणि कागदावरचा जिल्हा अस्तित्वात नव्हता. मी हसलो, पण भाचीने ते फाइलला लावलं.

"असू द्या मामा. शिक्का बघून कुणाला बरं वाटलं तर वाटलं."

पणजीला मी सोबत गेलो. लेखी बरी गेली. तोंडीच्या वेळी उकाड्यामुळे खोलीचं दार उघडं होतं आणि बाहेरच्या बाकावर मला सगळं ऐकू येत होतं. परीक्षक एक वयस्क बाई होत्या. नाव, गाव, काम: एक, दोन, चार नंबर. ती धडधडत उत्तरं देत होती. मग बाई म्हणाल्या, समजा, तू माझ्या घरी पाहुणी आलीस. काय पिणार? पाणी देऊ?

हा सतरा नंबर. उत्तर: हो, एक ग्लास पाणी द्या, कृपा करून. मी बाकावर बसून मनात म्हटलंसुद्धा.

आतून आवाज आला, "नको. मी पिऊन आले आहे."

बाईंनी कॉफी विचारली. नको. संत्र्याचा रस? नको, खरंच नको. मागवता येतं की नाही हे तपासायचा प्रश्न, आणि ही काहीच मागवेना. माझ्या डोळ्यांपुढे लिस्बन लांब लांब जाऊ लागलं. शेवटी बाईंनी विचारलं, अगं, पण का नको?

मग भाची बोलायला लागली. अडखळत, क्रियापदं सांडत. मला निम्मं कळलं: रेल्वे, पाणी, आई, घागर, रांग. बाई मध्येच विचारायच्या, रेल्वेत पाणी? आंघोळ कशी करता? ही सांगायची. पुढचा उमेदवार घड्याळ बघत येरझाऱ्या घालायला लागला तरी दोघींचं चाललंच होतं.

ती बाहेर आली तेव्हा चेहरा पांढराफटक.

"मामा, मी नको म्हणले."

"ऐकलं."

"तोंडातून निघूनच गेलं हो. त्यांच्या टेबलावर एकच बाटली होती. अन् मग का म्हणून विचारलं, तर पन्नासात त्याचं उत्तरच नव्हतं."

परतीच्या प्रवासात ती खिडकीकडे तोंड करून बसली. मी पुस्तक काढलं नाही.

निकाल लागला तेव्हा लेखीत ती काठावर होती. तोंडीने तिला वर काढलं होतं. दुसऱ्याच दिवशी चौकात फ्लेक्स लागला. तिचा छोटा फोटो, सरांचा मोठा, आणि खाली मजकूर: पोर्तुगीजमध्येही लातूर पॅटर्न. पुढे अर्जाला दोन पावसाळे लागले, पण नागरिकत्व मिळालं आणि ती गेली. उदगीर जिल्हा अजून व्हायचाच होता.

ती गेल्यावर महिन्याभराने सर नांदेडला माझ्याकडे आले. दारातच म्हणाले, "पाणी पिऊनच आलोय." मी तरी पाणी आणलं. त्यांनी ते गटागट पिऊन टाकलं आणि पिशवीतून नव्या बॅचसाठी छापलेला प्रश्नसंच काढला. पन्नासच्या पुढे हाताने एक्कावन्न नंबर लिहिला होता: परीक्षकाने पाणी विचारल्यास नको म्हणावे. कारण विचारल्यास दुष्काळ सांगावा, अडखळत सांगावा.

"हे तेवढं पोर्तुगीजमध्ये करून द्या सर."

"अहो, पण दुष्काळ संपला. यंदा धरण भरलंय."

"त्यानं काय होतंय?" सर म्हणाले. "परीक्षकाला कुठं माहीत हाय?"