मशीनला पाइल, माणसांना फुटिंग

“मॅडम, गोदावरी आपलीच हाय ना? पैठणला जी, तीच तिथं. लई टेस्ट कशाला?”

जाधव साहेबांची वाळूजला कंपनी. दुसरा प्लांट आंध्रात, गोदावरी समुद्राला मिळते त्या सपाट भागात टाकायचा होता. इथले चाळीस ऑपरेटर बायकापोरांसह तिकडे जाणार, त्यांच्यासाठी तीन मजली क्वार्टर्स. जमीन तपासायचं काम माझ्याकडे.

त्यांच्या कॉन्ट्रॅक्टरने आपल्याकडच्या सवयीने जेसीबी लावून आठ फूट खड्डा घेतला होता. आपल्याकडे तेवढ्यात मुरूम नाहीतर काळा दगड लागतो आणि काम संपतं. तिथे वाळून घट्ट झालेली चिकणमाती लागली. पठ्ठ्याने ‘कडक लागलं’ असं लिहूनही दिलं!

मी बोअर घ्यायला लावले. बोअरमध्ये नळीवर ठरावीक वजनाचा हातोडा टाकतात आणि ती फूटभर आत जायला किती ठोके लागतात ते मोजतात. आपल्या मुरमात पन्नास ठोके कमी पडतात. क्वार्टर्सच्या जागी, त्या चिकणमातीखाली, चार ठोके पुरले. खाली पाण्याने भरलेली भुसभुशीत वाळू होती. भूकंपात अशी वाळू हादरली की पातळ होते आणि वरची इमारत रुतते, कलते. याला लिक्विफॅक्शन म्हणतात. उपाय म्हणजे पाइल, वाळू ओलांडून खालच्या घट्ट थरात नेलेले काँक्रीटचे खांब.

“मशीन शॉपला पाइल टाकू,” जाधव साहेब म्हणाले. “मशीन केसभर कललं तरी त्यावरचा पार्ट रिजेक्ट व्हतो.”

“आणि क्वार्टर्सला?”

“तिथं साधं फुटिंग, वरच्या मातीतच उथळ पाया. तडे गेले तर बुजवून घेऊ.”

“साहेब, तिथे लेकरं झोपणार आहेत!”

“भूकंप काय रोज येतो व्हय?”

माझं डोकंच फिरलं. लोखंडाची एवढी काळजी, आणि ते चालवणाऱ्या माणसांची काहीच नाही? “क्वार्टर्सला पाइल नसेल तर ड्रॉइंगवर माझी सही नाही,” असं सांगून मी उठले.

पंधरा दिवसांनी तिकडच्या परवानगी देणाऱ्या ऑफिसातून फोन आला. “तुमच्या रिपोर्टमध्ये क्वार्टर्सखालचा बोअरच नाही. का?”

मी चाट पडले. जाधव साहेबांनी ड्रॉइंगवर दुसऱ्या कन्सल्टंटची सही घेतली होती आणि माझ्या रिपोर्टमधली नेमकी ती दोन पानं काढून टाकली होती. मी लगेच त्या ऑफिसला पूर्ण रिपोर्ट मेल केला.

परवानगी अडली. क्वार्टर्सना पाइल पडले. जाधव साहेबांनी मला पुन्हा काम दिलं नाही, वाळूजभर ‘अडेलतट्टू बाई’ असं नाव मात्र करून ठेवलं. करू देत.

तेव्हापासून मी रिपोर्टच्या प्रत्येक पानावर एकूण पानांचा आकडा टाकते.