प्रधानजींची सही

प्रधानजींच्या घरात भिंतीला एकही खिळा नव्हता. कॅलेंडर खिडकीच्या गजाला बांधलेलं, घड्याळ फ्रिजवर बसवलेलं, आणि काकूंचा हार घातलेला फोटो खुर्चीत टेकवलेला, त्यामुळे पाहुण्याला ती खुर्ची कधी मिळायची नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "भिंत सरकारची आहे. आपल्याला राहायला दिलंय, ते काय कमी झालं?" लहानपणी मला वाटायचं, हा माणूस चक्रम आहे. मोठेपणीही ते मत मी पूर्णपणे बदललेलं नाही.

त्यांचं आडनाव प्रधान नव्हतं. दिल्लीत वसाहतीच्या कमिटीच्या अध्यक्षाला प्रधान म्हणतात, आणि आमच्या कामगार वसाहतीत ते इतकी वर्षं अध्यक्ष होते की खरं आडनाव पोस्टमनही विसरला असावा. ते आणि माझे बाबा साताऱ्याकडून एकत्रच इथल्या कारखान्यात आले. कारखाना पुढे बंद पडला, पण नावापुरत्या भाड्याची सरकारी क्वार्टर्स राहिली. आम्ही तळमजल्यावर आणि ते आमच्या डोक्यावर. काकू गेल्या, मुलगा बंगलोरला गेला, तरी त्यांच्या घरात कायम कुणीतरी बसलेलं असायचं.

मीटिंग या प्रकाराचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. "मीटिंगमध्ये माणूस शेजाऱ्याचं तोंड बघून हात वर करतो," म्हणायचे. "खरं उत्तर ओट्यापाशी मिळतं." पाण्याची मोटर बदलायची असो की जिन्याला रंग द्यायचा असो, ते घरोघरी स्वयंपाकघरात जाऊन उभे राहायचे, अर्धा कप चहा घ्यायचे आणि बाईमाणसाला आधी विचारायचे. यात वेळ फार जायचा. पण त्यांनी ठरवलेल्या गोष्टीवर नंतर कुणी कुरकुर केली नाही.

बाबा गेले तेव्हा क्वार्टर आईच्या नावावर होईना. कर्मचाऱ्याच्या माघारी जागा खाली करा, असं सुचवणारे साहेबही निघाले. प्रधानजी त्या कचेरीत जाऊन बसायचे, दुपारचा डबा तिथल्याच बाकावर खायचे. शेवटी काम झालं. "वहिनी, मी आहे तोवर तुम्हाला कुणी उठवणार नाही," असं ते आईला म्हणाले. आई त्यांचे उपकार कधी विसरली नाही, आणि म्हणूनच पुढचं सगळं इतकं अवघड झालं.

क्वार्टर्स राहणाऱ्यांनाच सवलतीत विकायची असं सरकारने ठरवलं. मालिकाना हक, म्हणजे घराची मालकी, हा शब्द वसाहतीत प्रत्येकाच्या तोंडी झाला. अट एकच होती. ब्लॉकमधल्या सगळ्या घरांची संमती हवी. ज्याला घेणं जमणार नाही, त्याला दुसरीकडे हलवणार. आमच्या ब्लॉकमधल्या सगळ्यांना घरं हवी होती. एकटे प्रधानजी नाही म्हणाले.

त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं, हे मी आज मान्य करते. "मला हे घर मिळालं, कारण माझ्याआधी राहणाऱ्याला ते कुणी विकलं नव्हतं," ते म्हणायचे. "आता विकून टाकलं, तर उद्या गावाकडून येणारा पोरगा कुठे राहील?" यावर आमच्याच ब्लॉकमधल्या चड्ढाजींचं उत्तर तयार असायचं, "प्रधानजी, आनेवालों की फिकर है, हमारी नहीं?" हळूहळू लोकांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. जिन्यात ते दिसले की माणसं मोबाईल काढून बघत उभी राहायची. त्यांच्या दाराशी कुणी तरी कचऱ्याची पिशवी ठेवून गेलं. त्यांनी ती उचलून टाकली, चौकशी केली नाही. मी मानेसरला नोकरीसाठी कंपनीच्या बसने जायचे, घरासाठी कर्ज मीच काढणार होते, आणि त्यांच्या हट्टापायी घर हातचं जाणार म्हणून मी आतून धुमसत होते.

संमती द्यायच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या दुपारी सगळे गच्चीवर उन्हात जमले. चड्ढाजी सरळच म्हणाले, "आप तो कल चले जाओगे, हमारे बच्चे किरायेदार रह जाएँगे." कुणीही त्यांना गप्प केलं नाही. प्रधानजींनी आईकडे बोट केलं. "और इनका क्या होगा? पैसा नहीं भर पाईं तो? मैं इनके लिए मना कर रहा हूँ."

आई उठून उभी राहिली. "भावजी, मोटरीसाठीसुद्धा तुम्ही माझ्या ओट्याशी येऊन विचारता. या वेळी का आला नाहीत?"

"तुम्हाला काय विचारायचं, वहिनी? तुमची परिस्थिती मला ठाऊक नाही का?"

"नाही ठाऊक. दारावर अनोळखी थाप पडली की कुणी घर खाली करायला आलंय असं वाटून आजही मी ह्यांच्या मृत्यूचा दाखला शोधायला धावते. मला हे घर माझं हवंय. माझ्या नावावर तुमचा नकार चालवू नका."

प्रधानजी खाली उतरले. त्या दिवशी वाद जिंकूनही मला जिंकल्यासारखं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "वहिनी, तुमचं मत काय?" असं रीतसर विचारलं. आई हो म्हणाली. त्यांनी तिथेच सही केली. "तुमच्यासाठी भांडतोय असं मला खरंच वाटत होतं," ते म्हणाले. "काल कळलं, घरं नावावर झाली की ती विकून तुम्ही सगळे निघून जाल म्हणून मी घाबरलो होतो."

"कोण जातंय सोडून?" आई म्हणाली.

घरं नावावर झाली. सगळ्यांत आधी चड्ढाजींनी आपलं विकलं, मग एकेकाने. नव्या लोकांनी गच्चीला कुलूप लावलं. शेवटी आम्हीही विकलं. मानेसरची ये-जा मला झेपत नव्हती, आणि मी तिथून जवळ, गुरुग्रामला फ्लॅट घेतला होता. सामान भरताना प्रधानजी टेम्पोपाशी उभे होते. "तिकडे शेजारी कोण आहेत?" त्यांनी विचारलं. मला सांगता आलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. आम्हाला कळलं ते तेरावं उलटून गेल्यावर, तेही मी सहज फोन केला आणि त्यांच्या मुलाने तो उचलला म्हणून. दुधाच्या पिशव्या दोन दिवस दाराशी पडून होत्या, आणि जिन्यातून येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. शेवटी दूधवाल्यानेच दार ठोठावलं.

मी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "घर मागितलं ते माझं चुकलं नाही. पण मला विचारलं नाही म्हणून मी चारचौघांत त्यांच्याशी भांडले. आपण घर विकलं तेव्हा, तुमचं कसं होईल, म्हणून त्यांना आपल्यापैकी कुणी विचारलं?"