पथारीवरचा दिवा

“मी काय आंधया शे का साहेब? माले काहीच दिखनं नही!”

पिकअपचा ड्रायव्हर ठाण्यात असा ओरडत होता, की नंदुरबार स्टेशनातल्या मालगाडीनं दचकून उलटी शिट्टी मारावी. मी तिथला फौजदार, माझाही आवाज काही कमी नव्हता. मी नुसता खाकरलो, तरी तळोद्याच्या जीपांच्या टपावरची माणसं आपोआप खाली उतरत. पण त्या दिवशी माझा आवाज चालेना. निवृत्तीनंतर बाकीच्या केसेस विसरलो, ही विसरता येत नाही.

शहराबाहेर पथाऱ्या असतात, म्हणजे मिरची वाळत घालायच्या मोकळ्या जागा. ठसका असा, की आरोपीला तिथे नुसतं उभं केलं तर तो गेल्या जन्मीचे गुन्हे कबूल करील. अशाच एका पथारीवर सातपुड्यातून आलेलं जोडपं राखणीला होतं. दिवेलागणीनंतर बायको रस्त्यापलीकडच्या चक्कीवरून दळण घेऊन परतत होती. वळणाजवळ गाडीनं उडवलं. गाडी थांबली नाही. बाई जागीच गेली.

फिर्याद नवऱ्यानं दिली. तो रोज ठाण्याच्या पायरीवर येऊन बसे आणि एकच विचारी, “सापडला?”

खबर चहाच्या टपरीवरून आली. कळसाडीकडे एका खळ्यात पिकअप ताडपत्रीखाली झाकलेली आहे, पुढचा दिवा फुटलेला. ऐन कापसाच्या दिवसांत पिकअप झाकून ठेवणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर भ्यालेला. उचलून आणला. धडक कबूल, पळाल्याचंही कबूल. “लोके मारतीन म्हनीसन पयनू.” पण बाई दिसली नाही, यावरून तो तसूभर हलेना.

नवरा उसळला. “खोटं बोलतो! मी पथारीवरून बघत होतो. मला ती चांगली दिसत होती. पायातलं कडं दिसत होतं. याला कशी नाही दिसली?”

खोटं बोलणारा दर खेपेला गोष्ट थोडी सुधारून सांगतो. ड्रायव्हर एक शब्दही बदलत नव्हता. म्हणून दुसऱ्या संध्याकाळी त्याच वेळेला जीप मी स्वतः चालवली. आमचा हवालदार म्हणजे चालतीबोलती टेकडी. दोन बैल त्याच्या सावलीत बसावेत. त्याच्या डोक्यावर पिठाचा डबा देऊन त्याला रस्त्यावर उभं केलं. पथारीच्या कुंपणावरचा मोठा दिवा रोजच्यासारखा लागलेला होता, तोंड रस्त्याकडे. वळण संपलं आणि डोळ्यांत नुसता पांढरा उजेड भरला.

“साहेब, आठे शे मी! ब्रेक मारा!”

बोंब ऐकून ब्रेक दाबला. एवढी टेकडी मला दिसली नव्हती.

उतरून दिव्यामागे गेलो. तिथून हवालदाराच्या शर्टाची तुटकी गुंडीसुद्धा दिसत होती.

नवरा तिथेच उभा होता. विचारलं, “दिवा मिरचीवर हवा ना? रस्त्याकडे कोणी फिरवला?”

“मी. ती अंधाराला भ्यायची. तिला वाट दिसावी म्हणून.”

मी त्याला जीपमध्ये शेजारी बसवलं आणि त्याच वळणावरून पुन्हा आणलं. त्यानं डोळ्यांवर हात धरला. मग हात खाली घेतला आणि समोर बघत राहिला.

ठाण्यात पुरवणी जबाब घेताना लेखनिक थांबला, माझ्याकडे बघू लागला. नवराच म्हणाला, “लिहा. दिवा मी फिरवला.”

ड्रायव्हरवर दोषारोपपत्र गेलंच. माणूस रस्त्यात टाकून पळण्याला कुठलाही दिवा जबाबदार नसतो. पण एवढी वर्षं मी समजत होतो, की जिथे लख्ख उजेड तिथे अपघात नाही. या केसनं ती समजूत मोडली. रस्त्याचा दिवा उंच असावा, त्याचं तोंड खाली असावं, वर टोपी असावी. त्यानं चालणारा माणूस दाखवावा, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत घुसू नये. पुढे जिथे बदली झाली, तिथे अपघाताच्या पंचनाम्यात मी दिवा दोन्ही बाजूंनी पाहायला लावला. लोक हसले. हसू दिलं.

मिरचीचा हंगाम संपता संपता त्या वळणावर तशाच दिव्यांचे खांब उभे राहिले. मी नवऱ्याला मुद्दाम दाखवायला नेलं. रस्ता स्वच्छ दिसत होता, कडेनं चालणाऱ्या बायकाही.

“आता दिसतं का नीट?” मी विचारलं.

“दिसतं, साहेब. मी उद्या परत डोंगरात जातो.”